मिशी पुसलेलं सरकार

बंडखोरीचं प्रदर्शन मी चौदाव्या वर्षी भरवलं, आणि ते बघायला आलेल्या पहिल्या बाईनं विचारलं, “पुरणात जायफळ घातलंय का वेलदोडा?”

मी म्हटलं, “काकू, आधी चित्रं बघा की.”

“बघते गं. चित्रं कुठं पळून चाललीत? जायफळ का वेलदोडा तेवढं सांग.”

दोन्ही घातलं होतं. सांगितलं. मग काकूंनी चित्रांकडं पाठ केली आणि पातळाचे काठ बघायला लागल्या. महालक्ष्म्यांच्या पातळाचे. कारण प्रदर्शन होतं ते आमच्या घरी, महालक्ष्म्यांच्या आराशीत.

आता बंड कशाविरुद्ध आणि ते देवीपुढं कशाला, हे सांगायला पाहिजे. तेव्हा नळदुर्ग निजामाच्या राज्यात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या. दोन्हीकडं राज्य दुसऱ्याचंच, पण सोलापूरच्या लोकांना तुरुंगात जाऊन का होईना, ‘चले जाव’ म्हणायला मिळायचं. आमच्याकडं चार माणसं एका जागी बसायची म्हटली तरी पोलिसातल्या अमीनाची, म्हणजे फौजदाराची, परवानगी लागायची. हळदी-कुंकवाला मात्र लागायची नाही. चाळीस बायका एका सोप्यात दाटून बसल्या तरी सरकारच्या हिशेबी तिथं माणूस कुणी नसायचं.

पेठेत अप्पांचं किराणा दुकान होतं. माल सोलापूरहून यायचा. तिकडची वर्तमानपत्रं आणायला बंदी होती, पण साबणाला गुंडाळलेली रद्दी कोण वाचतो? नाक्यावरचे शिपाई साबण मोजून घ्यायचे आणि कागद सोडून द्यायचे. त्यामुळं माझं सगळं राजकारण साबणाच्या वासाचं होतं. आणि अर्धं होतं. “तरुणांनो, आता एकच मार्ग उरला आहे, तो म्हणजे” एवढं वाचावं आणि पुढचा तुकडा पावशेर मिरचीबरोबर कुणाच्या तरी घरी गेलेला असावा. तो एकच मार्ग कोणता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हाची मी आज समोर आले तर मी तिला ओळख दाखवणार नाही. दोन वेण्या, तेल चपचपीत, नाकावर मुद्दाम ठेवलेला शाईचा डाग. विचारवंतांच्या नाकावर शाई असते असा माझा समज होता. दुकानाच्या मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यावर उभी राहून मी पोत्यांपुढं भाषणं करायची. पोती शांतपणे ऐकून घ्यायची. एवढी चांगली सभा पुढं मला कधी मिळाली नाही.

अशाच एका कागदावर मला ती बातमी सापडली. कुठल्याशा गावी विद्यार्थ्यांनी स्वतः चित्रं जमवून बंडाचं प्रदर्शन भरवलं होतं, लोकांची रीघ लागली होती आणि पोलीस आले होते. चित्रं कसली होती, ते पुढच्या तुकड्यावर. पण मला तेवढं पुरलं. रीघ आणि पोलीस या दोन गोष्टी मला फार आवडल्या.

चित्र मला काढता येत नव्हतं, म्हणून मी पुढारी झाले. चित्र काढायला माझी मैत्रीण होती, शेजारच्या शिंप्याची लेक. पंचमीला भिंतीवर नाग काढायला, लग्नात चौक भरायला अर्धं नळदुर्ग तिला बोलवायचं. ती माझ्याच वर्गात, सातवीत होती. शांत पोरगी. मी बोलायची, ती ऐकायची आणि मध्येच असा एक प्रश्न विचारायची की माझं भाषण बसकण मारायचं.

“कशाचं चित्र काढू?” तिनं विचारलं.

“जुलमाचं.”

“जुलूम दिसतो कसा?”

यावर रद्दीत काही आलेलं नव्हतं. मी म्हटलं, “लठ्ठ.”

“बसलेला का उभा?”

“बसलेला. जुलूम उभा कशाला राहील? त्याला काम काय?”

हे तिला पटलं. दुकानातला खाकी कागद चार ठिकाणी खळ लावून जोडला. हळद, कुंकू, नीळ, गेरू आणि काजळ, एवढे आमचे रंग. मधोमध गादी, गादीवर लोड, लोडाला टेकून सरकार, म्हणजे खुद्द निजाम. सरकारचा खजिना मोठा असतो असं ऐकलं होतं, म्हणून कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रिकामा हात तिला काढायला जमेना, म्हणून हातापाशी पानाचा डबा. खाली वाकलेली रयत जात्यावर दळतेय, आणि दळलेलं पीठ गादीकडं चाललंय.

खरे सरकार दिसतात कसे, हे आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत त्यांचा फोटो होता म्हणे. पण त्या खोलीत आम्ही फक्त मार खायला जायचो, आणि मार खाताना नजर वर जात नाही.

एक अडचण होती. मैत्रिणीला पुरुष काढता यायचे नाहीत. जन्मभर तिनं गौरी काढलेल्या, तर तिचा पुरुष म्हणजे मिशा लावलेली गौर. रयत तर तिनं सरळ लुगड्यातच काढली. म्हणाली, “दळायला पुरुष कधी बसलाय का? मी खोटं काढणार न्हाय.” सरकारला मात्र काजळानं झकास मिशी काढली, कानापर्यंत. मी लांब जाऊन पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आता राज्य फार दिवस टिकत नाही, अशी माझी खात्री झाली.

बाकीच्या वस्तू वर्गातल्या दोघी-तिघींनी केल्या. एकीनं कणकेची बेडी तळून आणली, मधोमध तुटलेली. दुसरीनं एकीचं बळ दाखवायला गुळाचा मोठा भुंगा केला आणि तो ओढून नेणाऱ्या काळ्या तिळाच्या मुंग्या. आणि पिंजऱ्याबाहेरचा एक कापडी राघू. सगळं आराशीत मांडायचं. आमच्याकडं महालक्ष्म्यांपुढं आरास असतेच. कुणी मातीचा बाजार मांडतं, कुणी लग्नाची वरात. आम्ही राज्यक्रांती मांडणार होतो.

हे सगळं करताना माझं फार मोठं काहीतरी पणाला लागलं होतं. राज्याचं जाऊ द्या, ते पणाला बिणाला काही लागलेलं नव्हतं. माझी शाळा लागली होती. सातवीपुढं नळदुर्गात मुलींना वर्ग नव्हता. सोलापूरला माझी आत्या राहायची, तिच्याकडं राहून पुढं शिकायचं माझ्या मनात होतं. अप्पा निम्मे तयार होते. उरलेले निम्मे अज्जीच्या ताब्यात होते. अज्जी म्हणजे अप्पांची आई. घरात तिच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या की मांजरसुद्धा उठून बसायचं. तिनं आळंदच्या एका व्यापाऱ्याचं स्थळ बघून ठेवलं होतं. मुलाची आई हळदी-कुंकवाच्या निमित्तानं मला बघायला येणार होती.

अज्जीनं मला सांगून ठेवलं होतं, “महालक्ष्म्या नीट पार पडू दे. लोकाचा एक जरी बोल आला, तर शाळा बंद आणि आळंद पक्कं. न्हाय आला, तर बघू तुझं सोलापूर.”

एवढं ऐकूनही मी आराशीत राज्यक्रांती मांडली. यावरून माझ्या तेव्हाच्या अकलेचा अंदाज यावा.

अज्जीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. सणाच्या सकाळी ती आरास बघायला आली, चित्राच्या जवळ गेली, लांब गेली, मान वाकडी करून पाहिलं.

“ही कोण? अन्नपूर्णा का?”

“अं, तसंच काहीसं,” मी म्हटलं.

“मग तोंडावर काळं काय हाय?”

माझी मैत्रीण कधी खोटं बोलायची नाही. “मिशी हाय, अज्जी.”

“मिशी?” अज्जीचा आवाज चढला. “माहेराला आलेल्या लेकी हायत ह्या माझ्या, तीन दिवसांच्या पाव्हण्या! त्यांच्यापुढं परका बाप्या बसवता? पुसा आधी!”

आमच्या घरचा तो नेमच होता. महालक्ष्म्या उभ्या असेपर्यंत अप्पासुद्धा सोप्यात खाकरून यायचे. मी मैत्रिणीकडं पाहिलं, मैत्रिणीनं माझ्याकडं. पुढारी तत्त्वाला घट्ट असावा लागतो. मी घट्ट विचार केला आणि म्हटलं, “पूस. सोलापूरच्या साहेबाला तरी कुठं मिशी असते?”

तिनं ओलं बोट फिरवलं. सरकारच्या ओठावर थोडी सावली राहिली. ती म्हणाली, “आता मला हे सरकार वाटत न्हाय.” मी म्हटलं, “ज्याला डोळे हायत त्याला कळंल.”

दुपारीच पहिलं बंड झालं, पण ते मुंग्यांनी केलं. खऱ्या मुंग्यांनी. तिळाच्या मुंग्यांना बाजूला सारून त्या गुळाच्या भुंग्याला लागल्या आणि संध्याकाळपर्यंत भुंग्याचा एक पाय तेवढा उरला. एकीचं बळ यापेक्षा स्पष्ट कुणाला दाखवता आलं नसतं, पण बघायला तेव्हा कुणी नव्हतं. तुटलेली बेडी माझ्या धाकट्या बहिणीनं खाल्ली. “तुटलेलीच व्हती की,” ती म्हणाली. राहता राहिलं चित्र आणि राघू.

संध्याकाळी बायका यायला लागल्या. सोप्यात समया, उदाचा धूर, वर टांगलेला फुलोरा, खाली पुरणाचे दिवे. मी चित्राशेजारी हात बांधून उभी. कुणी विचारलं तर सांगायला एक भाषण पाठ केलं होतं. कुणी विचारलंच नाही. कारण बघणाऱ्याला विचारायची गरजच वाटत नव्हती.

पेठेतल्या दोन सुना शेजारी-शेजारी आल्या. एकीनं चित्र पाहिलं आणि दुसरीचा दंड धरला.

“अगं, ह्या कोण बसल्यात?”

“हळू बोल.”

“चाव्या बघ की कमरेच्या! पानाचा डबा बघ!”

“आमच्या आत्याबाई हायत,” दुसरी पदरात तोंड घालून म्हणाली. “बसायची तऱ्हाच ती.”

“न्हाय गं, हनुवटी माझ्या सासूची हाय. आणि ती दळतीया ती मी. डावीकडची.”

“आणि उजवीकडची मी!”

पाठोपाठ तिसरी आली, चौथी आली. प्रत्येकीनं आपापली सासू ओळखली. सोपाभर पदरात दाबलेलं हसू खुसखुसायला लागलं, कारण खऱ्या सासवा तिथंच मागं पाट मांडून बसल्या होत्या. मग त्याही उठून आल्या. त्यांनी बघितलं आणि एक म्हणाली, “आमच्या वेळच्या सासवा व्हत्या बाई अशा. आता कुठं हायत?” दुसरी म्हणाली, “तर! आता सुनाच गादीवर बसतेत.” स्वतःला कुणीच ओळखलं नाही.

माझी आई, आमची अव्वा, समईत तेल घालायला आली. अज्जीची सून. घरात तिचा आवाज असा कधी ऐकूच यायचा नाही. तिनं चित्राकडं एक नजर टाकली आणि तोंड फिरवून समईवर वाकली. वात नीट होती, तरी ती बराच वेळ वात सारखी करत राहिली. तिचे खांदे हलत होते.

आळंदची बाई आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. “कुणी काढलं हे?” मी मैत्रिणीकडं बोट करणार, तेवढ्यात मैत्रिणीनंच मला कोपरानं ढोसलं. “तूच काढलंस म्हण,” ती कानाशी म्हणाली. “मला लग्न करायचंय.”

“मी,” मी छाती काढून म्हटलं.

आळंदच्या बाईनं कुंकू लावून घेतलं, खोबऱ्याची वाटी घेतली आणि पुरणपोळीला हात न लावता निघाली.

यानंतर अमीनाच्या घरची दमणी, छपराची छोटी बैलगाडी, आली. अमीन हैदराबादकडचे मुसलमान, त्यांचं नवीनच लग्न झालेलं. “गावात दुकान हाय आपलं, ओळख असावी,” म्हणून अज्जीनंच त्यांच्या बायकोला आरास बघायला आमंत्रण दिलेलं. दमणीला चारी बाजूंनी पडदा. गाडीवानासकट गल्लीतले सगळे पुरुष मारुतीच्या पाराकडं पिटाळले, तेव्हा ती आत आली, बुरखा काढला. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. अज्जीनं तिला अत्तर लावलं, गजरा दिला, पान दिलं. ती आरास बघत बघत चित्रापुढं आली.

मी पाठ केलेलं भाषण तर पार विसरले. एवढ्या लोकांत हिला नक्की कळणार, मला वाटलं. पोलिसाची बायको.

तिनं चित्र पाहिलं. तोंडावर हात ठेवला. “या अल्ला! अम्मीजान!” आणि अशी हसली, अशी हसली, की हातातला गजरा खाली पडला. डोळ्यांतून पाणी. दळणाऱ्या बायकांवर बोट ठेवून म्हणाली, “ये मैं हूँ. देखो ना, ये मैं हूँ!” मग अज्जीकडं वळून, लहान पोरीसारखी, “दादीजी, ये मेरे को देते क्या?”

महालक्ष्म्यांपुढची वस्तू सवाशिणीनं मागितली तर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. अज्जीनं स्वतःच्या हातानं चित्र उतरवलं, गुंडाळी केली आणि दिली. “घे बाळ, अन्नपूर्णा हाय. सैपाकघरात लाव.”

तर असं माझं बंड दमणीत बसून, पडद्याआडून, थेट पोलिसाच्या घरी गेलं.

त्या क्षणापासून मी दोन मुली झाले. एक म्हणत होती, झालं! आता अमीन बघणार, ओळखणार, पकडायला येणार, बातमी छापून येणार आणि साबणाला गुंडाळून पुन्हा नळदुर्गात येणार. या मुलीनं तुरुंगात न्यायला एक गाठोडंसुद्धा बांधलं. त्यात दोन परकर, फणी, आणि तुरुंगात मिळत नसेल म्हणून थोडं शेंगदाण्याचं कूट. दुसरी मुलगी म्हणत होती, सोलापूर गेलं. नुसता बोल नाही, ठाण्याचं बोलावणं येणार. अज्जी आळंदला निरोप धाडणार.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, महालक्ष्म्या हलवल्यावर, पडद्याची दमणी पुन्हा दारात उभी राहिली. दोन्ही मुली एकदम ज्वारीच्या पोत्यामागं लपल्या.

अव्वानं मला वेणीला धरून बाहेर काढलं.

दमणीतून या वेळी अमीनाची आई उतरली. भारदस्त बाई. उतरताना दमणी एका अंगाला झुकली आणि ती उतरल्यावर तिनं श्वास सोडला. दमणीनं. कमरेला किल्ल्या, बरोबर पानदान, काखेत चित्राची गुंडाळी. सोप्यात येऊन तिनं गादी बघितली आणि लोडाला टेकून बसली. मी पाहतच राहिले. मैत्रिणीनं हिला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

अज्जी समोर बसली. अज्जी आधीच तापलेली. सकाळपासून तिघींनी येऊन तिला मोठ्या आनंदानं सांगितलं होतं की तुमच्या नातीनं तुमचंच चित्र काढलं आणि गावानं पाहिलं.

“कौन बनायी ये?” अमीनाच्या आईनं गुंडाळी उलगडली.

“ह्या भवानीनं,” अज्जी म्हणाली.

“क्या गे छोकरी. मेरे को देखी क्या तू कबी?”

मी मान हलवली. नाही.

“बिन देखे इत्ता बनायी! मेरी बहू दीवार कू लगायी. मेरा बेटा देखा, बोला, अम्मी, बिलकुल आप. रात कू दो रोटी जास्ती खाया, इत्ता हँसा.” तिनं पान गालात सरकवलं. “मैं निकालती नई. निकाली तो सब बोलते, देखो, मान गयी. पर ये कमर बहोत हो गयी. थोडी कम कर दे. बस, इत्ताच.”

म्हणजे पकडायला नव्हे, ती दुरुस्तीला आली होती. सुटकेचा श्वास घ्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात अज्जी म्हणाली, “थांबा. तुमचं कसं? हे चित्र माझं हाय.”

“तुमारा?”

“समदं गाव म्हणतंय माझं हाय म्हणून. चाव्या बघा. डाव्या कमरंला हायत. तुमच्या उजव्या अंगाला हायत.”

“अम्मा, तुम तो लकडी के सरीके हैं. ये तुम कैसे?”

“सून बघील तशी सासू दिसती. अंग कोण बघतंय? वजन बघायचं.”

“पानदान मेरा है!”

“मी बी पान खाते!”

“ये बैठना देखो. ऐसा बैठना आता क्या तुमना?”

अज्जीला ते फार लागलं. ती उठली, दुसऱ्या लोडाला टेकून, पाय दुमडून, हुबेहूब चित्रातल्यासारखी बसली. दोघी समोरासमोर, दोन सरकारं. मध्ये चित्र. अव्वा दारात पाणी घेऊन उभी, तांब्या तिच्या हातात डुगडुगतोय.

शहाणी मुलगी अशा वेळी गप्प राहिली असती. कुणी पकडायला आलेलं नव्हतं, भांडण दोन म्हाताऱ्यांचं होतं, मी परसात निघून गेले असते तरी चाललं असतं. पण माझ्या इतक्या महान चित्राचं, जुलमाचं, रयतेचं, असं दोन सासवांनी दोन बाजूंनी धरून वाटोळं करावं, हे माझ्यातल्या पुढाऱ्याला सोसलं नाही.

“हे तुम्ही दोघी न्हाईत!” मी ओरडले. “हे सरकार हायत! त्यांची मिशी पुसलीया! खाली रयत दळतीया! हे बंड हाय!”

“सुम्म कुंद्र!” अज्जी कानडीत ओरडली. गप बस, असं. तिला अगदी आतून राग आला किंवा भीती वाटली की ती कानडीत जायची. त्या वेळी बहुतेक दोन्ही होतं. पेठेत किराणा दुकान, आणि समोर अमीनाची आई. अव्वाच्या हातातला तांब्या थांबला. मला माझं गाठोडं आठवलं आणि त्यातलं कूट नको वाटायला लागलं.

अमीनाच्या आईनं चित्र उचलून डोळ्यांजवळ नेलं. खाली ठेवलं. आणि तिच्या पोटातून हसू असं उसळलं की किल्ल्या वाजायला लागल्या.

“सरकार? ये? अगे पागल, मैं हैदराबाद में देखी ना सरकार की सवारी! मोटर में से जारे थे. सुक्की फल्ली के सरीके हैं. इसमें से तीन सरकार निकलते!” तिनं डोळे पुसले आणि अज्जीकडं वळली. “देखो अम्मा, कित्ता डर गयी बिचारी. हम दोनों के डर से सरकार के ऊपर डाल रई.”

अज्जीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली गोष्ट होती. समाधान.

“खरंच की,” ती म्हणाली. “आमच्यापरीस पोरीला सरकार सोपं वाटलं.”

मी ओरडून ओरडून राजद्रोह कबूल केला होता, आणि दोघींनी मिळून तो मला परत केला. आयुष्यात एवढा अपमान माझा कुणी केला नाही. आणि एवढी कृपाही.

“तो कमर का क्या?” अमीनाच्या आईनं विचारलं.

इथं अव्वा बोलली. खाली मान, पदर कपाळापर्यंत, हळू आवाजात. पाव्हण्यापुढं सासू बसलेली असताना ती कधी बोलायची नाही, म्हणून आम्ही सगळ्याच दचकलो.

“बारीक केलं,” अव्वा म्हणाली, “तर मग सरकारच दिसतील की.”

 अमीनाच्या आईनं चित्राकडं पाहिलं. हाताच्या पंजानं चित्रातली कमर दोन्हीकडून झाकून अंदाज घेतला. मग घाईघाईनं गुंडाळी केली.

“नक्को गे. रैने दे. मोटीच अच्छी.” आणि अव्वाकडं नीट बघून अज्जीला म्हणाली, “तुमारी बहू बहोत चुप रैती ना? संभाल के रहो.”

अज्जीनं तिला पुरणाच्या चार पोळ्या बांधून दिल्या. चित्राचा निकाल तेवढा लागला नाही. दमणीच्या पडद्याआडून ती म्हणत होती, “मेरा है,” आणि दारातून अज्जी म्हणत होती, “जपून न्या, माझं हाय.”

संध्याकाळी आळंदचा निरोप आला. “मुलगी हुशार आहे.” आमच्यात स्थळाकडून मुलगी हुशार आहे असा निरोप आला की पुढचं विचारायचं नसतं. तरी अप्पांनी निरोप्याला विचारलं. तो म्हणाला, “लईच हुशार हाय म्हणाल्या.”

अज्जी बराच वेळ किल्ल्या चाळवत बसली. मी खांबामागं उभी. तिची अट मला पाठ होती. बोल आला होता. एक नाही, गावभर.

“आता हिला सून करून घेणार कोण?” अज्जी अप्पांना म्हणाली. “समद्या गावच्या सासवांनी बघितलं चित्र. इकडं भूम-परांड्यापासून तिकडं आळंदपातुर कुणी दारात उभं करायचं न्हाय. घरात बसवून काय लोणचं घालायचं व्हय तिचं? धाडून दे सोलापूरला. दोन-चार वर्षं लोकांच्या नजरेआड राहू दे. इसरतेत का बघू.”

अप्पांनी खाली बघून मान डोलावली. त्यांना उरलेले निम्मे अप्पा परत मिळाले होते.

मैत्रिणीला मी पळत जाऊन सांगितलं. ती मशीनवर बापाला दोरा ओवून देत होती. म्हणाली, “बघ, तूच काढलंस म्हटलं ते बरं झालं.” तिचं लग्न त्याच फाल्गुनात झालं. तिच्या सासूबाई तिला फार जपायच्या, कारण ती शांत होती आणि तिला चित्र काढता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सातवी झाल्यावर, जायच्या दिवशी अप्पा ट्रंक घेऊन पुढं मोटारीपाशी गेले. अव्वानं ओटीत काय काय घातलं आणि काही न बोलता माझ्या नाकावरचा शाईचा डाग पदरानं पुसला. अज्जी उंबऱ्यात उभी होती. मी पाया पडले. ती आशीर्वाद देईल म्हणून वाकून राहिले, तर तिनं मला दंडाला धरून उठवलं आणि अव्वाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्या कानाशी आली.

“खरं सांग. कुणालाच सांगणार न्हाय मी. ते चित्र कुणाचं व्हतं? माझं का त्या म्हातारीचं?”

एवढं रामायण होऊनसुद्धा मला एकदा वाटलं, आता तरी सांगावं. पाठ केलेलं भाषण जिभेवर आलं. रयत, जुलूम, एकच मार्ग. अज्जीचे मोतीबिंदूचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते. तिकडं मोटारीचा भोंगा वाजला.

“तुमचं, अज्जी,” मी म्हटलं.

“मला ठावंच व्हतं,” ती म्हणाली, आणि किल्ल्या सावरत आत गेली.